पाटी कोरी करून हिशेब



बचत गटाचा वर्षाचा खर्च ठरवताना आपण काय करतो? मागच्या वर्षी प्रवासाला, चहापाण्याला, वह्यांना जे लागले ते धरतो, वर थोडी भर घालतो आणि झाले म्हणतो. सरकारचा अर्थसंकल्पही बराचसा असाच बनतो. मागचा खर्च कामाचा होता का, हे विचारायचे राहूनच जाते.

१९८६ च्या सुमारास, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्राने वेगळी रीत धरली. तिचे नाव शून्याधारित अर्थसंकल्प. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जिमी कार्टर गव्हर्नर असताना १९७० च्या दशकात ती वापरली गेली होती. या रीतीत मागचा आकडा पुसायचा, पाटी कोरी करायची. ही योजना कशाला हवी, कोणाला उपयोग झाला, कमी पैशात होईल का, बंद केली तर काय बिघडेल, हे प्रत्येक खात्याने सांगायचे. मग योजनांना महत्त्वाप्रमाणे क्रम लावायचा आणि पैसे पुरतील तिथपर्यंत वरून देत यायचे.

ऐकायला सोपे, करायला अवघड. पगार, पेन्शन, कर्जाचे व्याज शून्यावर आणता येत नाही, ते द्यावेच लागते. म्हणून कात्री उरलेल्या पैशाला लागते. इथेच आपण सावध राहायचे. ज्या योजनेचा उपयोग कागदावर दिसत नाही, ती क्रमात खाली घसरते. पाळणाघर होते म्हणून किती बायका निर्धास्त कामावर गेल्या, हे कोणी लिहिलेच नाही, तर ते पाळणाघर बिनकामाचे ठरायला वेळ लागत नाही.

मग आपण काय करू? ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा असते. तिथे तीन प्रश्न विचारू : हे पैसे गेल्या वर्षी कशावर गेले? त्याचा उपयोग किती जणींना झाला? यंदा आपली पहिली गरज कोणती? उत्तरे इतिवृत्तात लिहून घेऊ. आणि आपल्या गटाच्या वहीतही, कोणत्या योजनेने कोणाचे काय काम झाले, ते तारखेसह टिपून ठेवू.

पाटी कोरी झाली, की त्यावर पहिले अक्षर कोण लिहिते त्याला महत्त्व असते. ते आपण लिहू या.