ठिबकच्या जुन्या नळ्यांना भाव कोण देणार?



विहिरीच्या जेमतेम पाण्यावर कपाशी जगवायची म्हणून आपल्यातल्या अनेकांनी ठिबक घातले. नळ्या घेताना किंमत कंपनीने ठरवली, अनुदान सरकारने ठरवले. आता त्या नळ्या क्षारांनी चोंदल्या, उंदरांनी कुरतडल्या आणि वेटोळी होऊन बांधावर पडल्या. त्यांचा भाव भंगारवाला ठरवतो. म्हणजे इथेही भाव ठरवणारे आपण नाहीच!

भंगारातली नळी वितळवून पुन्हा वस्तू करता येते. पण उन्हात पिचलेल्या, मातीने माखलेल्या प्लास्टिकचा दर्जा दर खेपेला घसरतो. म्हणून आता रासायनिक पुनर्वापराचे नाव घेतले जाते. प्लास्टिक म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब साखळी. ती तोडायची, मूळ माल काढायचा आणि त्याचे नवे प्लास्टिक करायचे.

ऐकायला सोपे आहे. पण पाण्याच्या बाटलीचे पेट किंवा नायलॉन यांची साखळी नेमकी सांध्यावर तोडता येते आणि मूळ माल हाती येतो. आपली काळी नळी पॉलिथिलीनची. तिला हवा लागू न देता चारशे-पाचशे अंशांवर तापवली, की बोथट पात्याच्या कुट्टीतून कडबा निघावा तसे लहानमोठे तुकडे पडतात. तेल, मेण, गॅस असे सगळे एकदम. ते तेल जाळूनच टाकले तर आम्ही त्याला पुनर्वापर म्हणणार नाही. पीव्हीसीच्या पाइपचे काम त्याहून अवघड. त्यातल्या मूळ प्लास्टिकचे निम्म्याहून अधिक वजन क्लोरीनचे. तापवताच हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, ती यंत्रच खाते. बांधावर पाइप पेटवणाऱ्याच्या छातीतही तीच वाफ जाते, वर डायॉक्सिनसारखी विषे.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथे जुन्या गालिच्यांतले नायलॉन तोडून कच्चा माल काढणारा मोठा कारखाना १९९९ साली सुरू झाला आणि २००१ साली बंद पडला. रसायनशास्त्र बरोबर होते, पण नवा कच्चा माल बाजारात स्वस्त मिळत होता. खर्च भरून न निघणारा भाव म्हणजे काय, हे कापूसवाल्याला समजावून सांगायला नको.

आपल्याकडे २०२२ साली उत्पादकाच्या जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे आली, ती वेष्टनाच्या प्लास्टिकसाठी. औषधाची बाटली आणि खताची गोणी त्यात येते, शेतात वर्षानुवर्षे वापरायची नळी येत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याने नळी विकली त्याने ती वजनावर परत घ्यावी आणि वाहतूक त्याच्या माथी असावी. नळी हलकी आणि फुगीर, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. हा खर्च शेतकऱ्याने का सोसावा?

तोवर काळी नळी आणि पीव्हीसी वेगवेगळी ठेवा. माती झटका, पेटवू नका. गावात कोणाकडे किती किलो साठले आहे आणि भंगारवाला काय भाव देतो, हे लिहून पुढच्या बैठकीला आणा. मागणी करायला बसू तेव्हा आकडे आपल्या हातात हवेत.