जुन्या मोटारींतील वारा आणि गारवा

गेल्या वैशाखांत आमची सोळा वर्षांची मोटार घेऊन आम्ही पुण्याहून सोलापुरास निघालों होतों. मागच्या बैठकीवर सत्याहत्तर वर्षांची आई होती. इंदापूर मागें पडलें आणि वारा देणारा पंखा एकाएकीं थांबला. बटण चौथ्या, म्हणजे शेवटच्या खुणेवर नेलें तेव्हां मात्र तो घोंघावत सुरू झाला. खालच्या तिन्ही खुणांवर मुळींच हालेना. "वारा गार आहे हो, पण गोंगाट फार," असें आई म्हणाली. मीं तें मनावर घेतलें नाहीं. सोलापुरांत एका कारागिरानें बॉनेट न उघडतांच निदान केलें, "गॅस संपला." गॅस भरला, पैसे दिले, पंखा होता तसाच राहिला. परतींत फ्यूजही उडाला, आणि आईला ओला पंचा डोक्यावर घेऊन भर दुपारीं प्रवास करावा लागला.

खरें निदान आईच्याच बोलण्यांत होतें. वारा आणि गारवा हीं दोन निराळीं खातीं आहेत. वारा देतो तो डॅशबोर्डमागील ब्लोअर. गॅस दाबून गारवा आणतो तो इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर. वारा गार येत असतां गॅसला दोष देण्याचें कारणच नव्हतें.

जुन्या गाड्यांत पंख्याचा वेग कमी करण्यासाठीं विजेच्या वाटेंत रेझिस्टर बसविलेला असतो. सर्वांत मोठ्या वेगाला वीज त्यास वगळून सरळ मोटरीकडे जाते. म्हणून तो जळाला कीं बहुधा शेवटची खूण तेवढी चालते. परंतु तो नुसता बदलून भागत नाहीं. पंखा जड फिरत असेल तर मोटर अधिक वीज खेचते आणि नवा रेझिस्टरही जळतो. आमच्या पंख्यांत कडुनिंबाचा ओंजळभर पाला निघाला. सावलीसाठीं गाडी त्या झाडाखालीं ठेवण्याचें हें फळ! फ्यूज वारंवार उडतो म्हणून अधिक क्षमतेचा बसवूं नये. मग फ्यूजऐवजीं तार जळते.

पंखा मुळींच फिरत नसेल, फ्यूज शाबूत असेल, आणि मोटरीस हलकेंच टिचकी मारतां ती फिरूं लागली, तर आंतील कार्बन झिजले असें समजावें. वारा मंद असल्यास आधीं हवेची जाळी काढून पाहावी.

वारा भरपूर पण कोमट असेल तर मात्र गारव्याचें खातें तपासावें. गाडी धांवतांना गार आणि सिग्नलपाशीं कोमट, असें झाल्यास कंडेन्सरचा पंखा पाहावा. गॅस पेट्रोलसारखा जळत नाहीं. कमी झाला तर तो कोठून तरी गळलाच. गळती न शोधतां भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. शिवाय त्या नळ्यांत दाब असतो. त्या घरीं सोडूं नयेत.

एसी चालू असतां गाडीखालीं पाणी ठिबकतें, तें कॉइलवर जमलेलें बाष्प. त्याची काळजी नको. तेंच पाणी आंत पायांपाशीं सांचूं लागलें तर निचऱ्याची नळी तुंबलेली असते. मात्र तें बुळबुळीत असून त्यास गोडसर वास येत असेल, तर तें हीटरमधून गळणारें इंजिनाचें पाणी होय. अशा वेळीं गाडी थांबवावी, आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचें झांकण उघडूं नये.