संघर्षकाळातील स्त्रीची तपासणी आणि शासनाचे दायित्व
(न्यासाच्या वार्षिक सभेतील भाषण)



जमाखर्चाचा तपशील अहवालात अन्यत्र छापला आहेच. आज आम्ही आपला थोडा वेळ निराळ्या विषयासाठी मागतो. सशस्त्र संघर्षात व दंगलीत स्त्रियांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांबाबत शासनाने काय करावयास हवे, हा तो विषय. उपनगरातील धर्मादाय रुग्णालयाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणास वाटेल. तो संबंध मुंबईच्याच न्यायालयात सिद्ध झाला आहे.

मार्च २००२ मध्ये गुजरातेतील दाहोद जिल्ह्यात बिल्किस बानो यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या पाच महिन्यांच्या गरोदर होत्या. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीसह अनेक कुटुंबीयांची हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला मुंबईत वर्ग केला आणि २००८ मध्ये येथील विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप ठोठावली. मे २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केलीच, शिवाय आधी निर्दोष सुटलेल्या आणखी सात जणांना दोषी ठरवले. त्यांत पाच पोलीस होते आणि दोन डॉक्टर. आमच्या व्यवसायाला हे विसरता येणार नाही. अकरा जणांना २०२२ मध्ये मिळालेली शिक्षामाफीही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केली.

अत्याचारानंतरचे पहिले तीन दिवस फार मोलाचे असतात. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी लवकर, तितकी गुणकारी. अंगावरचे पुरावे तर स्नानाने आणि काळानेच पुसले जातात. एरवी मुलुंड वा बोरिवलीची स्त्री रिक्षाने रुग्णालय गाठू शकते. संघर्षात रस्तेच बंद होतात. मणिपूरमधील ४ मे २०२३ ची घटना देशाला कळली ती १९ जुलैला, चित्रफितीतून. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तपासावर देखरेख ठेवण्यासाठी मुंबईचे माजी पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांना नेमले. नेमणूक उत्तम होती. पण गेलेले ते तीन दिवस कोण परत आणणार?

कायदा अगदीच नाही असे नव्हे. पीडितेवर तत्काळ विनामूल्य उपचार करणे २०१३ पासून सरकारी व खासगी अशा सर्वच रुग्णालयांना बंधनकारक आहे, आणि २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितांतही ते कायम आहे. मात्र अशांत क्षेत्रातील जवानावर अशा गुन्ह्याचा खटला भरण्यास केंद्राची पूर्वपरवानगी लागू नये, ही न्यायमूर्ती वर्मा समितीची २०१३ ची शिफारस स्वीकारली गेली नाही. ती स्वीकारल्याने सैन्याची प्रतिष्ठा उणावेल, असे आम्हांस वाटत नाही, उलट वाढेल.

शासनाकडे आमचे मागणे एवढेच, की ही पूर्वपरवानगीची अट काढावी. आणि कोठेही दंगल वा संघर्ष उद्भवताच अन्नधान्याबरोबरच महिला डॉक्टरांचे पथक, ही औषधे आणि नमुने घेण्याचे साहित्य मदतछावण्यांत पोचवावे. तपासणीसाठी पोलिसांचे पत्र आणण्यास कोणत्याही स्त्रीला सांगितले जाऊ नये.

या आशयाचे निवेदन आम्ही केंद्र व राज्य शासनांस पाठवीत आहोत. त्याची प्रत बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदणी खिडकीशी ठेवली आहे. त्यासाठी देणगी नको. जाताना आपली स्वाक्षरी तेवढी करावी.