पोळ्याआधीचे पैसे

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय ‘ग्रामीण भागातील वैयक्तिक कर्ज’ असा भारदस्त छापला आहे. मी तो जरा लहान करून घेतो. पोळ्याच्या आधी वीस हजार रुपये लागले, तर आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या गावातला माणूस कोणाच्या दारात जातो आणि ते पैसे त्याला काय भावाने पडतात, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

पोळाच का, ते सांगतो. कापसाच्या गावाला पीककर्ज मिळतं ते मे-जूनमध्ये. ते बियाण्यात, खतात आणि पहिल्या पेरणीत जातं. पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी आलीच. मग निंदण, डवरणी, फवारणी. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघतं, कापसाचा पहिला वेचा घरात यायला दिवाळी उजाडते. म्हणजे श्रावण-भाद्रपदात घरात पैसा येण्याची वाट नसते, आणि नेमके खर्च त्याच दिवसांत दारात उभे राहतात. पोरांच्या वह्या-पुस्तकांचे, तापाचे, एखाद्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, तर दवाखान्याचे, बैलांच्या साजाचे, सालदाराच्या उचलीचे. पीककर्जातून या खर्चांना फारसं काही उरत नाही. माणूस सावकाराकडे अडाणीपणामुळे जातो, असं शहरात बसून म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. तो जातो कारण त्या महिन्यात तेवढंच दार उघडं असतं.

थोडं मागे जाऊ. सावकारी म्हटलं की आपण १८७५ चं सुपं, तिथे सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि १८७९ चा दख्खनचा कायदा आला, हीच गोष्ट सांगतो. ती पुणे-नगरची गोष्ट. वर्धा तेव्हा मध्यप्रांतात होतं. इथे मालगुजारी होती, आणि कित्येक गावांत सारा गोळा करणारा मालगुजार आणि पैसे उसने देणारा धनी हा एकच माणूस होता. अशा धन्याने कुळाला नाडलं तर तक्रार करायची कोणाकडे? मंदीत कापसाचे भाव कोसळले तेव्हा मध्यप्रांताने १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा केला. मंडळं नेमली, धनको आणि ऋणको समोरासमोर बसवून रक्कम कमी करायची आणि हप्ते बांधून द्यायचे, अशी ती पद्धत होती. पुढच्याच वर्षी सावकारांनी नोंदणी करावी, हिशेब ठेवावा, असा कायदा झाला. आज आपण ज्या पावतीसाठी भांडतो, ती या भागात कायद्याने मागून नव्वद वर्षं झाली.

स्वातंत्र्यानंतर गोरवाला समितीने देशभर पाहणी केली. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के होता, सावकारांचा ७० च्या घरात. त्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते, नागपुरात वाढलेले. तिथून पुढे गावोगाव विविध कार्यकारी सोसायट्या आल्या. सोसायटीची खरी ताकद तिच्या गटसचिवात होती. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची विहीर आटली, कोण पैसे बुडवेल आणि कोण अर्धपोटी राहून फेडेल, हे त्याला तोंडपाठ असे. कर्जाचं नवं-जुनं करून देताना तो आपली मेहेरबानी दाखवायचा, हेही खरं. तरी ते दार गावात होतं.

ते दार किलकिलं झालं २००२ नंतर. होम ट्रेड नावाच्या दलाली कंपनीमार्फत सरकारी रोख्यांत घातलेले पैसे बुडाले. नागपूरच्या जिल्हा बँकेचं प्रकरण गाजलं, पण फटका बसलेल्यांत वर्ध्याची जिल्हा बँकही होती. पुढे नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तिन्ही बँकांना रिझर्व्ह बँकेचा परवाना मिळण्याइतकंही भांडवल उरलं नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांसाठी २,३७५ कोटींची योजना मंजूर केली, त्यात या तिघी होत्या. बँक सावरली की नाही हा वेगळा वाद. मधल्या वर्षांत गावचा माणूस तालुक्याच्या राष्ट्रीयीकृत बँकेत गेला. तिथला व्यवस्थापक दर तीन वर्षांनी बदलतो, त्याला गाव ठाऊक नसतं, आणि पोळ्याचे पैसे मागायला त्याच्याकडे कोणी जात नाही.

याच काळात, २००५ मध्ये, आपल्या जिल्ह्यातल्या डोरली गावाने ‘गाव विकणे आहे’ असा फलक लावला. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी पंतप्रधान मनमोहन सिंग वायफडला आले, लोकांचं ऐकून गेले, आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात बँकांच्या व्याजमाफीला मोठी रक्कम होती. खासगी देणं बँकेच्या वहीत नसतंच, तर माफ कसं होणार?

आता दारं मोजू. पहिलं दार हातउसन्याचं. भाऊ, साडू, शेजारी. व्याज नाही, कागद नाही, मुदत ‘कापूस निघाला की’. हे सर्वांत स्वस्त कर्ज आहे आणि ते फार लवकर संपतं, कारण गावातल्या सगळ्यांचा कापूस एकाच वेळी निघतो आणि सगळ्यांचे खिसेही एकाच वेळी रिकामे होतात.

दुसरं दार कृषी केंद्राचं. दुकानदार रोख देत नाही, खत-औषध उधारीवर देतो. व्याज वेगळं लिहिलेलं नसतं, ते भावात असतं. रोखीचा भाव एक, उधारीचा दुसरा. कोणतं औषध मारायचं हेही मग तोच ठरवतो. काही ठिकाणी माल त्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्यालाच घालायचा, असंही ठरलेलं असतं, आणि तिथे क्विंटलमागे जे कमी मिळतं तेही व्याजच. हा हिशेब कोणी मांडत नाही. घरी बसून एकदा मांडा.

तिसरं दार सावकाराचं, आणि इथे दोन वेगळी माणसं आहेत. परवाना असलेला आणि नसलेला. महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा २०१४ चा. त्याखाली ठरलेले दर असे आहेत: शेतीसाठी तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, बिगरशेतीला तारणावर १५, विनातारण १८. चक्रवाढ लावता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, म्हणजे आपला जुना दामदुपटीचा नियम कायद्यात बसलेला आहे. कोऱ्या कागदावर सही घेणं गुन्हा आहे. परवान्याविना सावकारी केली तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गावात ‘शेकडा पाच’ म्हणतात ते महिन्याचे. वीस हजारांवर महिन्याला हजार, ऑगस्ट ते जानेवारी पाच हजार. परवान्यातला विनातारण शेतीदर धरला तर तेवढ्याच मुदतीला हजार. दिडीवर घेतले तर सुगीला सरळ तीस हजार मोजायचे. हा फरक लोकांना कळत नाही असं समजू नका. परवानेवाला बहुधा तालुक्याच्या सराफ्यात बसतो, त्याला सोनं लागतं. ज्याच्या घरात मणी-मंगळसूत्राशिवाय काही उरलं नाही, त्याला तो दारात उभा करत नाही.

खरी भीती व्याजाची नाही, कागदाची आहे. पन्नास हजारांसाठी एकरभर जमिनीचं खरेदीखत करून द्यायचं, आणि ‘पैसे आणून दे, शेत परत लिहून देतो’ हा शब्द तोंडी. दुय्यम निबंधकाकडे ती विक्रीच असते. फेरफार होतो, सातबारावर नाव चढतं, आणि शेतकऱ्याला कळतं तेव्हा तो स्वतःच्याच वावरात मक्त्याने राबत असतो. २०१४ च्या कायद्याचं कलम १८ यासाठीच आहे. अवैध सावकारीतून पंधरा वर्षांच्या आत गेलेली स्थावर मालमत्ता परत मागता येते, जिल्हा निबंधक चौकशी करून खरेदीखत रद्द ठरवू शकतात. सावकारीचे जिल्हा निबंधक म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक, आणि तालुक्याला सहायक निबंधकांचं कार्यालय आहे. तिथे विचारतात ते पुरावे. पैसे दिल्याची नोंद, साक्षीदार, खरेदीच्या वेळचा बाजारभाव आणि कागदावरची किंमत यातलं अंतर, शेताचा ताबा कोणाकडे राहिला. म्हणून सांगतो, रोख घेतलीत तरी परतफेड बँक खात्यातून करा. त्या एका नोंदीने कधी शेत वाचेल.

पावतीची किंमत २०१५ मध्येही दिसली. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी परवानाधारक सावकारांकडून घेतलेलं कर्ज सरकारने स्वतः भरायचं ठरवलं, नोव्हेंबर २०१४ अखेरपर्यंतचं. ज्याच्याकडे परवानेवाल्याची पावती होती त्याचं सोनं सुटायची सोय झाली. ज्याने शेकडा पाचने तोंडी घेतले होते, तो त्या यादीत कुठेच नव्हता. सर्वांत जास्त पिळला गेलेला माणूस सर्वांत कमी सुटला. त्यात सावकाराने परवान्यातल्या क्षेत्राबाहेर कर्ज दिलं असेल तर तेही बाद. आता परवान्याचं क्षेत्र कर्जदाराने कुठून तपासावं?

चौथं दार बायांचं, म्हणजे बचत गटाचं. याच्यावर मी जरा थांबणार आहे, कारण याची स्तुती फार होते आणि हिशेब कमी होतो. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडून सुरुवात केली. आपल्याकडे माविमने, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाने, गट बांधले, मग उमेद अभियान आलं, आणि त्याच्या पहिल्या दहा जिल्ह्यांत वर्धा होतं. बारा बाया महिन्याला शंभर टाकतात, वर्षाला चौदा हजार चारशे. म्हणजे नव्या गटात वीस हजार नसतातच. जुन्या, बँकेशी जोडलेल्या गटात असतात. दर बहुतेक ठिकाणी शेकडा दोन. वर्षाला चोवीस! परवान्याच्या सावकारापेक्षा जास्त. कोणी हे बोलून दाखवलं की उत्तर ठरलेलं: व्याज गटातच राहतं.

राहतं, पण कोणाच्या वाट्याला? ज्या बाईला दरवर्षी श्रावणात कर्ज लागतं ती सर्वांत जास्त व्याज भरते. नफा वाटताना तो सगळ्यांना सारखा. म्हणजे ज्या घरात पगार येतो आणि जी कधीच कर्ज घेत नाही, तिचा नफा मजुरीवर जाणाऱ्या बाईच्या व्याजातून येतो. त्यात बँक व्याज-सवलतीखाली महिला गटांना ७ टक्क्यांनी देते, आणि गट तेच पैसे चोवीसने फिरवतो. मी गटांच्या विरोधात नाही, उलट माझ्या मते जिल्ह्यात आज याहून चांगलं दार नाही. म्हणूनच दर शेकडा एकावर आणा, नाहीतर नफा भरलेल्या व्याजाच्या प्रमाणात वाटा, हा ठराव पुढच्या बैठकीत घ्या असं मी म्हणतो. दुसरं, बँका उद्दिष्ट पुरं करायला मार्चच्या तोंडी गटांना पैसे वाटतात. पैसा येतो तेव्हा गरज लग्नांची असते. श्रावण येईस्तोवर तो फिरून गेलेला असतो. पोळ्याच्या महिन्यासाठी थोडी रक्कम राखून ठेवणारा गट मला चांगला वाटतो.

पाचवं दार मोटारसायकलवरून येतं, मायक्रोफायनान्सचं. कागद नको, तारण नको, दोन दिवसांत खात्यात. हप्ता मात्र पुढच्या आठवड्यापासून सुरू, आणि कापूस नोव्हेंबरात. हप्ता जातो मजुरीतून. मजुरी नसेल त्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम सांगतात की ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घराला असं कर्ज विनातारण मिळावं, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत, मुदतीआधी फेडलं तर दंड नसावा, आणि सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर वसुलीचा तगादा नसावा. दर सांगताना ‘सपाट १२ टक्के’ म्हणाले तर सावध व्हा. वीस हजार, बारा मासिक हप्ते, सपाट १२ म्हणजे एकूण बावीस हजार चारशे. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत गेलं. खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांवर जातो.

भिशीचं एका वाक्यात सांगतो: वीस जणांची हजाराची भिशी बोलीत सोळा हजारांना उचलली, तर चार हजार व्याज तुम्ही त्याच दिवशी भरलं, आणि उरलेले हप्ते हजाराचेच.

पण पोळ्याआधीच्या खर्चात आजारपणही असतं, आणि त्याला कर्जाशिवाय दुसरा रस्ता याच जिल्ह्याने काढला होता. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास ज्वारीवर आरोग्य विमा चालवला. डॉ. उल्हास जाजूंचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. गावाने सुगीत, घरात धान्य असताना, ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. मग वर्षभर आजारपणात सवलतीने उपचार. यातली शहाणीव ज्वारीत नव्हती, वेळेत होती. हप्ता मागितला तो पैसा असलेल्या महिन्यात, आणि उपयोगी पडला तो नसलेल्या महिन्यात. पुढे शेतात ज्वारी कमी झाली, सोयाबीन आलं. पण बचत गटांच्या ग्रामसंघांनी दिवाळीनंतर कापसाच्या पट्टीतून असा निधी का बांधू नये? एखाद्या ग्रामसंघाने तो आधीच बांधला असेल तर सभेनंतर मला भेटा, मला तो बघायचा आहे.

शेवटी एका माणसाबद्दल बोलायचं राहिलं. वावर दुसऱ्याचं, मक्त्याने करणारा. सातबारावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, पीककर्ज नाही म्हणून माफी नाही. गट बायकोचा, आणि त्यातलं कर्ज आधीच घेऊन झालेलं. अशा चार ते दहा जणांनी एकमेकांचे जामीन राहून संयुक्त देयता गट केला तर बँकेने त्यांना विनातारण कर्ज द्यावं, अशी नाबार्डची योजना आहे. तालुक्याच्या शाखेत जाऊन ते नाव घ्या. ‘आमच्याकडे नाही’ म्हणाले तर वर्ध्याला अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाकडे लेखी द्या, आणि पोचेवर तारखेचा शिक्का घ्या. हे काम मे महिन्यात करायचं. पोळ्याला जाऊन उपयोग नाही.