क्षमा लगेच, विश्वास सावकाश



बक्षिसं मिळवणाऱ्या आणि मनापासून भाग घेणाऱ्या सर्वांचं अभिनंदन! आज मला तुमच्याशी भांडण मिटवण्याबद्दल बोलायचं आहे. सुरुवात एका घराच्या गोष्टीने करतो.

आपल्या वरठीच्या भंडारा रोड आणि तुमसर रोड स्टेशनांवरून जाणारी रेल्वे पुढे राजनांदगावला पोहोचते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी राजनांदगावला जाताना कवी नारायण वामन टिळकांना एका युरोपीय सहप्रवाशाने बायबल दिलं. शत्रूवरही प्रेम करा, हे येशूच्या डोंगरावरील प्रवचनातलं सांगणं त्यांच्या मनाला भिडलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर मात्र आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, त्या आपलं सोवळं सांभाळूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचा. नवऱ्याचा संताप, त्याचा उधळा हात त्या लपवत नाहीत, पण कडवटपणाही बाळगत नाहीत. १९१९मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.

ज्या बायबलने हे घर आधी दुभंगलं, त्यातल्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली योसेफाची. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं आणि चांदीच्या वीस नाण्यांना विकलं. तो मिसरात मोठा अधिकारी झाला. दुष्काळ पडला आणि तेच भाऊ धान्य मागायला त्याच्या दारात आले. पाऊस रुसला की काय होतं, हे धान पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. योसेफाने त्यांना धान्य दिलं, पण ओळख लगेच दिली नाही. हे बदललेत का, ते त्याने पारखलं. धाकट्या भावावर, बन्यामीनवर चोरीचा आळ आला, तेव्हा त्या भावांपैकी यहूदा म्हणाला, त्याच्याऐवजी मला गुलाम करा. एका भावाला विकणारा आता दुसऱ्यासाठी स्वतःला द्यायला तयार होता. तेव्हा योसेफ मोठ्याने रडला आणि त्यांना आपली ओळख दिली.

दुसरी येशूच्या शिष्याची, पेत्राची. येशूला पकडून नेल्यावर त्याने, मी याला ओळखत नाही, असं तीन वेळा सांगितलं. पुढे पुनरुत्थित येशूने त्याला तीनदा विचारलं, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? आणि तिन्ही वेळा आपला कळप सांभाळायला सांगितलं. चुकलेल्या माणसाला त्याने काम दिलं.

यातून मला कळलेलं एवढंच: क्षमा एकट्याने आणि आजही करता येते. विश्वास परत यायला मात्र दोघं लागतात, वेळ लागतो आणि वागणूक बदलावी लागते. मैत्रिणीने तुझं गुपित फोडलं, तर तिला माफ कर. पुढचं गुपित तिला सांगायला थोडं थांबलीस, तर तो सूड नव्हे. आणि जो चुकला, त्याने फक्त ‘सॉरी’ म्हणून मोकळं होऊ नये. यहूदासारखं वागून दाखवावं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. क्षमा म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणं नव्हे. कुणी त्रास देत असेल, तर शिक्षकांना, घरच्यांना सांगा. मनात वैर न ठेवताही तक्रार करता येते.

शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. चुकलेल्या मुलाला शिक्षेनंतर पुन्हा एखादी जबाबदारी द्या. वर्गाची किल्ली द्या, संघाचं कप्तानपद द्या. आपल्यावर कुणी विश्वास टाकतो आहे, हे कळल्याशिवाय मूल विश्वासू व्हायला कसं शिकेल?

संमेलनाच्या तालमीत तुमची भांडणं झाली असतील. घरी जाण्याआधी त्या मित्राला शोधा आणि पहिला शब्द तुम्ही बोला. उरलेलं तुमच्या वर्षभराच्या वागण्याने भरून निघेल.