परदेशातून येणारा पैसा आणि त्याचा मोबदला
(मिरा रोड येथे बौद्ध कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देशाच्या परदेशी जमाखर्चाचा विचार रिझर्व्ह बँकेतील पंडितांनी करावा, त्याच्याशी आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांचा काय संबंध, असे आजचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांना वाटले असेल. अशा शंकेचे उत्तर पुस्तकात शोधण्यापूर्वी आपण ज्या गावात बसलो आहोत त्या गावाकडे पाहावे. 1991 च्या शिरगणतीत मिरा-भाईंदरची लोकसंख्या 1,75,605 होती. 2001 साली ती 5,20,388 झाली आणि 2011 साली 8,09,378. मिठागरे, खाजणे आणि भातशेते ह्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मुंबईत ज्याला जागा परवडेना तो नोकरदार येथे आला, हे तर खरेच. पण त्याच्या शेजारचे बिऱ्हाड असेही आहे की, ज्याच्या घराचा हप्ता दुबईहून किंवा मस्कतहून येतो, ज्याच्या मुलांची फी शारजातला बाप भरतो. नयानगरात जा, उत्तनच्या कोळीवाड्यात जा, की आपल्या वस्तीत विचारा. परदेशी गेलेला भाऊ, जावई वा भाचा सांगणारे कोणी ना कोणी भेटतेच. देशाच्या जमाखर्चाची वही ह्या बिऱ्हाडांतूनच सुरू होते.

आता ही वही कशी लिहितात ते पाहू. परदेशाशी होणाऱ्या व्यवहारात मालाची आणि सेवांची देवघेव वेगळी मांडतात. त्यानंतर दोन रकाने येतात. पहिल्या रकान्यात व्याज, नफा, लाभांश आणि थोड्या मुदतीसाठी गेलेल्या कामगारांचे वेतन मांडतात. म्हणजे भांडवलाची व श्रमाची कमाई. दुसऱ्या रकान्याला हस्तांतरण म्हणतात. ज्या रकमेच्या बदल्यात माल नाही, सेवा नाही, कर्जाची परतफेड नाही, अशी रक्कम त्यात पडते. एका सरकारने दुसऱ्याला दिलेली मदत, परदेशातील धर्मबांधवांनी विहारासाठी पाठविलेले दान आणि परदेशी राहणाऱ्या माणसाने घरी पाठविलेला पैसा, हे सारे ह्याच रकान्यात. आलेल्या रकमेतून गेलेली वजा केली की राहते ती निव्वळ रक्कम.

ह्या दोन रकान्यांचे चित्र परस्परविरोधी आहे. पहिल्या रकान्यात भारत गेली अनेक दशके सतत तुटीत आहे. परकीय कंपन्यांचा नफा आणि परदेशी कर्जाचे व्याज बाहेर जाते, ते आपल्या येणाऱ्या कमाईहून अधिक असते. 2023-24 साली ही तूट सुमारे 50 अब्ज डॉलरांची होती. दुसऱ्या रकान्यात मात्र त्याच वर्षी 100 अब्ज डॉलरांहून अधिक निव्वळ जमा पडली. भांडवलाच्या हिशेबात देश देणेकरी आहे, आणि परदेशी राबणाऱ्या माणसाच्या बचतीने त्याची बाजू सावरली जाते. एवढे जरी आपण घरी नेलेत तरी माझे आजचे काम झाले असे मी समजेन.

पण हे नेहमीच असे नव्हते. इंग्रजी अमदानीत प्रवाह उलट वाहत होता. लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जावरील व्याज, ह्या नावांखाली दर वर्षी हिंदुस्थानातून द्रव्य बाहेर जाई. दादाभाई नौरोजींनी 1901 च्या आपल्या ग्रंथात ह्या गळतीवर बोट ठेवले, हे शाळेत शिकवितात. शाळेत फारसे शिकवीत नाहीत ते असे की, 1915 साली कोलंबिया विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात चोवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्थव्यवहाराचा हिशेब मांडला, आणि हिंदुस्थानने इंग्लंडला किती दिले व इंग्लंडने हिंदुस्थानला किती थोडे दिले ह्याची तुलना केली. बाबासाहेबांना केवळ घटनेचे शिल्पकार म्हणून हार घालणाऱ्यांनी हा प्रबंध एकदा तरी चाळावा.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत हा रकाना जमेचा राहिला तो बव्हंशी सरकारी मदतीमुळे. अमेरिकेच्या पी.एल. 480 कायद्याखाली धान्य आले, त्याची किंमत रुपयांत खात्यावर साठत गेली, आणि 1974 साली त्यांपैकी 1664 कोटी रुपये अमेरिकेने भारताला सोडून दिले. मिलो ज्वारीच्या भाकरीची चव ज्यांच्या आजीला आठवते त्यांना हा अध्याय अधिक सांगावयास नको.

खरे वळण आले ते 1973 नंतर. तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत रस्ते, बंदरे, इमारती बांधण्याची घाई सुरू झाली, आणि गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, परिचारिका ह्यांची मागणी वाढली. कोकणाला ही गोष्ट नवी नव्हती. 1880 साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली तेव्हापासून रत्नागिरीकडची गावे पलटणीतल्या शिपायाच्या आणि गिरणीतल्या मजुराच्या मनीऑर्डरीवर जगत आली होती. आमच्या वाडवडिलांची चूल त्याच पैशावर पेटली. फरक एवढाच की, जी मनीऑर्डर परळहून येत असे ती आता कुवेतहून येऊ लागली.

ह्या पैशाची किंमत देशाला कळली ती 1990 साली. ऑगस्टमध्ये इराकने कुवेतचा ताबा घेतला. सुमारे 1,70,000 भारतीयांना परत आणावे लागले. तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला, इतर कारणेही होतीच, आणि 1991 च्या जुलैत रिझर्व्ह बँकेला सुमारे 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण ठेवावे लागले. त्या 1990-91 साली अनिवासी माणसांनी घरी पाठविलेली रक्कम सुमारे 2 अब्ज डॉलर होती. 2008-09 साली ती 47 अब्जांच्या आसपास गेली. 2022 साली 100 अब्जांचा टप्पा ओलांडणारा भारत जगातील पहिला देश ठरला, आणि 2024-25 साली 135 अब्ज डॉलरांची नोंद झाली.

हा आकडा डॉलरांचा आहे. रुपयांत तो आणखी फुगतो, कारण रुपया घसरत आला आहे. 1966 च्या जूनमध्ये अवमूल्यन होऊन एका डॉलरला 4.76 ऐवजी 7.50 रुपये पडू लागले. 1991 च्या जुलैत 21 वरून सुमारे 26. 2025 साली 85 च्याही पलीकडे. आखातात राबणाऱ्याच्या घरी रुपया घसरला की आनंद होतो. पण 1923 च्या रुपयाविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखविले होते की, रुपयाची किंमत पडली म्हणजे बाजारभाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून रखडत येते. व्यापाऱ्याचा लाभ होतो तो वेतनावर जगणाऱ्याच्या खिशातून. दिरहॅमचे अधिक रुपये मिळाले म्हणून आनंदलेल्या घराचा शेजारी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या कारखान्यात रोजाने जातो. त्याच्या तेलाच्या पिशवीची किंमतही त्याच घसरणीने वाढलेली असते.

आता त्या शब्दाकडे वळतो. वहीत ही रक्कम ‘मोबदल्याविना’ आली असे मानतात. हिशेबनिसांचे तर्कशास्त्र सरळ आहे. जो एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिला तो त्या देशाचा रहिवासी. त्याची मजुरी त्या देशात जमा झाली. तेथून त्याने बायकोला पैसे पाठविले ही त्याची इच्छा. म्हणून मिरा रोडची पत्नी आणि दुबईचा पती हे ह्या वहीत दोन देशांचे दोन वेगळे संसार ठरतात, आणि त्याचा घाम व विहाराला आलेले दान एकाच रकान्यात बसतात. शास्त्राला हे मान्य असेल. दानाचा अर्थ आपल्याला धम्माने शिकविला आहे; बायकापोरांच्या पोटासाठी पाठविलेल्या पैशाला दान म्हणणे मला पटत नाही.

मोबदला दिला जातो. तो वहीत लिहिला जात नाही, एवढेच. 12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगार राहत असलेल्या इमारतीला आग लागली आणि 45 भारतीय मृत्यू पावले. जाण्यापूर्वी सावकाराकडून काढलेले कर्ज, एजंटाने उकळलेले पैसे, मालकाने ठेवून घेतलेले पासपोर्ट, न मिळालेला शेवटचा पगार, हे सारे वजा करून जे उरते ती घराची निव्वळ जमा. दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांत कामास जाण्यापूर्वी 1983 च्या कायद्याखाली सरकारी परवानगी लागते. नोंदणी असलेल्या एजंटाने घ्यावयाची फी 30,000 रुपये व त्यावरील कर ह्याहून अधिक असू नये असा नियम आहे. प्रवासी भारतीय विम्याचा हप्ता दोन वर्षांना 275 रुपये आहे आणि अपघाती मृत्यूस 10 लाखांचे संरक्षण आहे. पावती न देणाऱ्या, पर्यटनाच्या व्हिसावर पाठवितो म्हणणाऱ्या एजंटाच्या दारात जो जातो त्याला ह्यांपैकी काहीच मिळत नाही. आपल्या भगिनींनी करारपत्राची प्रत आणि विम्याचा कागद घरी ठेवून घेतल्याशिवाय माणसाला विमानतळावर सोडू नये.

आणि आता शेवटचे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हा प्रवाह पुन्हा वळत आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2016-17 साली ह्या रकमेचा सुमारे 47 टक्के वाटा सहा आखाती देशांतून येत होता. 2023-24 साली तो 38 टक्क्यांवर आला. संयुक्त अरब अमिरातींचा वाटा 27 वरून 19 टक्क्यांवर उतरला आणि एकट्या अमेरिकेचा जवळजवळ 28 टक्क्यांवर चढला. राज्यांत महाराष्ट्र पहिला आहे, वाटा 20.5 टक्के. म्हणजे थापीने मिळविलेल्या पैशाची जागा पदवीने मिळविलेला पैसा घेत आहे. आखातात जावयास दोन हात आणि कर्ज पुरत असे. अमेरिकेच्या दारात विद्यापीठाचे प्रवेशपत्र लागते. ते ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांच्या घरी हा नवा पैसा जाईल.

1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंड दिले म्हणून एक तरुण न्यूयॉर्कला जाऊ शकला. त्या वर्षीच्या वहीत ती रक्कम देशाबाहेर गेलेली, म्हणजे खर्चाच्या बाजूची. तिची परतफेड कोणत्या रकान्यात लिहावी हे हिशेबनिसांनीच सांगावे.

धर्मांतरानंतर केंद्राच्या यादीत बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा नव्हता. तो 1990 च्या दुरुस्तीने मिळाला. ज्या चौतीस वर्षांत इतरांची मुले अमेरिकेत स्थिरावली त्याच वर्षांत केंद्राच्या सवलतींचे दार आपल्याला बहुतांशी बंद होते. आज राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या वर्षाला 125 जागा आहेत आणि त्यांतील 115 अनुसूचित जातींच्या आहेत. तीस टक्के मुलींसाठी राखलेल्या आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत चालते, वय पस्तिसाच्या आत हवे, आणि पदवीला 60 टक्के गुण. राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, तिच्या 75 जागा. 2022 साली केंद्राने भारतीय संस्कृती, इतिहास व समाज ह्यांवरील विषय आपल्या योजनेतून वगळले, म्हणजे जातीचा अभ्यास परदेशी करू इच्छिणाऱ्याला तेथे वाव ठेवला नाही. आणि 2025 च्या जुलैत, ज्या आर्थिक वर्षात 135 अब्ज डॉलर आले ते संपून चार महिनेही झाले नव्हते तोच, निवड झालेल्या 106 विद्यार्थ्यांपैकी पहिल्या 40 जणांनाच पत्रे मिळाली. उरलेल्या 66 जणांना निधी मंजूर होईपर्यंत थांबावयास सांगण्यात आले.