वाट संपलेली नसते : प्रोस्टेट कर्करोगावरील नवे संप्रेरक-उपचार

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आरोग्यविषयक दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी वैद्य नव्हे; वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चाळीस वर्षे दादरला कापड मोजणारा व्यापारी आहे. तरीही उभा राहिलो, कारण मी स्वतः प्रोस्टेटच्या कर्करोगाचा रुग्ण आहे. पाच वर्षांपूर्वी कंबर दुखू लागली, रात्री लघवीसाठी तीन-चार वेळा उठावे लागे. मी ते सारे वयाच्या खात्यावर टाकले आणि धर्मपत्नीपासूनही आठ महिने लपवले. तपासणी झाली तेव्हा रोग हाडांत पोहोचला होता. ही चूक मी येथे जाहीरपणे कबूल करतो, कारण संकोचापोटी तीच चूक आजही अनेक पुरुष करीत असतात.

आपल्या परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी शिकागो येथे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले की हा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकावर, म्हणजेच हार्मोनवर, पोसला जातो. ते रोखले की रोग मागे हटतो. या कार्यासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पसरलेल्या रोगावरील उपचारांचा पाया आजही हाच आहे. एकतर शस्त्रक्रियेने वृषणे काढतात, नाहीतर ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन देऊन त्यांचे कार्य थांबवतात. शस्त्रक्रिया एकदाच होते व खर्चही कमी. मी मात्र इंजेक्शने निवडली.

अडीच वर्षे सारे ठीक चालले. नंतर रक्तातील पीएसए पुन्हा वाढू लागले. टेस्टोस्टेरॉन तर तळाला गेलेले होते! रोग आता उपचाराला दाद देत नाही, हे डॉक्टरांचे वाक्य ऐकून घरच्यांनी धीर सोडला. मीही मनातल्या मनात जमाखर्च बंद करून ठेवला.

परंतु ‘दाद देत नाही’ याचा अर्थ आम्ही चुकीचा लावला होता. अशा गाठीला आता संप्रेरकाची गरजच उरलेली नाही, असे एके काळी वैद्यकशास्त्रही समजत असे. संशोधनाअंती निराळेच निघाले. घाऊक पेढीने माल देणे बंद केले म्हणून हुशार दुकानदार दुकान बंद करीत नाही. तो लहान व्यापाऱ्यांकडून माल उचलतो, प्रसंगी घरीच माग बसवतो. गाठही तेच करते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून मिळणाऱ्या कच्च्या मालावर ती भागवते, स्वतःच संप्रेरक तयार करू लागते आणि ते स्वीकारणारी आपली केंद्रेही वाढवते. म्हणजे भूक तीच, वाटा मात्र नव्या.

नवी औषधे या वाटा अडवतात. लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत शोधलेले अ‍ॅबिराटेरोन हे संप्रेरक घडवणाऱ्या विकरालाच रोखते, मग ते शरीरात कोठेही असो. अमेरिकेत त्यास एप्रिल २०११ मध्ये मान्यता मिळाली. २०१२ साली आलेले एन्झालुटामाइड संप्रेरकाला पेशीतील केंद्राशी जुळू देत नाही. अपालुटामाइड (२०१८) आणि डॅरोलुटामाइड (२०१९) ही त्याच कुळातील औषधे होत.

यांनी रोग समूळ जातो काय? नाही. केमोथेरपी झालेल्या सुमारे बाराशे रुग्णांच्या एका चाचणीत मध्यम आयुर्मान १०.९ महिन्यांवरून अ‍ॅबिराटेरोनने १४.८ महिन्यांवर गेले. एन्झालुटामाइडच्या तशाच चाचणीत १३.६ वरून १८.४ वर. आकडे लहान वाटतील. पण ते रोग फार पुढे गेलेल्यांचे आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले की हेच औषध प्रारंभीच दिल्यास लाभ अधिक होतो. म्हणूनच आठ महिन्यांचे मौन मला महाग पडले.

खर्चाविषयीही बोलले पाहिजे. एन्झालुटामाइडच्या एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, अर्ज भारतीय कार्यालयाने २०१६ मध्ये नाकारला. आज या औषधांच्या देशी आवृत्त्या मिळतात आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या दरांत मोठी तफावत असते. टाटा स्मारकाच्या पुढाकाराने २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने रुग्णालयांसाठी ४० औषधांची एकत्रित खरेदी करून पाहिली. अनेक औषधांवर ऐंशी टक्क्यांहून अधिक बचत झाली. घाऊक खरेदीचे बळ आपणां व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. तेव्हा दर विचारण्यात कमीपणा मानू नये.

आता आपल्या आचाराशी निगडित एक महत्त्वाची गोष्ट. अ‍ॅबिराटेरोन रिकाम्या पोटी घ्यावयाचे असते. तुपकट जेवणासोबत घेतल्यास ते रक्तात दहापटीपर्यंत उतरू शकते. त्याच्या जोडीला प्रेडनिसोलोनची गोळी असते, ती अन्न घेतल्यावर. आणि ती एकाएकी बंद करणे धोक्याचे. चौविहार पाळणाऱ्यास हे अवघड नाही. मी नवकारशीनंतर पाण्याबरोबर गोळी घेतो, तासाभराने नाश्ता, त्यानंतर प्रेडनिसोलोन. परंतु उपवास किंवा अठ्ठाई डॉक्टरांना न विचारता करू नये. या औषधाने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. एन्झालुटामाइडची कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते. ज्यांना ती वर्ज्य वाटते त्यांनी गोळीचा पर्याय विचारावा. मनात शंका ठेवून औषध गुपचूप टाकू नये.

२०१८ च्या, ७२ रुग्णांच्या एका अभ्यासात पाव मात्रा हलक्या नाश्त्यासोबत देऊन पीएसए तितकेच खाली आलेले दिसले. हा पर्याय मिळू शकतो. मात्र निर्णय डॉक्टरांचा, आपला नव्हे.

आणखी एक विनंती. हा रोग कधी कधी वंशातील बीआरसीए जनुकांच्या दोषातून येतो, आणि तोच दोष लेकींच्या स्तन व अंडाशयाच्या कर्करोगालाही कारण होतो. पित्याने आपला रोग लपवला, तर मुलीला वेळीच सावध होता येत नाही.

गेली दोन वर्षे मी गोळ्या घेत आहे. थकवा येतो, हाडांची काळजी घ्यावी लागते. तरी सकाळी पेढीवर जातो, नातवाला शाळेत सोडतो. उद्या हेही औषध निष्प्रभ होऊ शकेल, हे मी जाणतो. तेव्हा पुढची वाट कोणती, एवढेच डॉक्टरांना विचारीन. जमाखर्च मात्र आपल्या हाताने बंद करणार नाही.